लहान दवाखान्याची पाठराखण



या व्यासपीठावर विद्वान माणसे येतात, ग्रंथ आणि काव्य यांवर बोलतात, आणि ऐकणारा चार गोष्टी घेऊन घरी जातो. मी डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही मी चढलेलो नाही. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, मोर्चा आणि कोर्टाची तारीख यांच्या मधल्या वेळात. असे असून मी आरोग्यासारखा विषय का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

कामगार संघटनेच्या माणसाकडे नाना तक्रारी येतात. कोणाचा पगार थकलेला असतो, कोणाला कामावरून कमी केलेले असते, कोणी सावकाराच्या तगाद्याने गांजलेला असतो. पण या तक्रारीच्या तळाशी हात घातला की पुष्कळदा घरातले एक दुखणे हाताला लागते. माणूस आजारी पडला की खाडा पडतो. खाड्याची मजुरी बुडते. त्याच वेळी औषधपाण्याचा खर्च सुरू होतो. म्हणजे येणे बंद आणि जाणे दुप्पट. दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते असे आपण म्हणतो; पण दुखण्यासाठी काढलेले कर्ज मुंगीच्याही पायांनी जात नाही, ते घरात ठाण मांडून बसते. आम्ही वेतनवाढीसाठी दोन दोन वर्षे झगडतो, आणि मिळालेली वाढ एका महिन्याच्या आजारपणात निघून जाते. तेव्हा हा विषय माझाच आहे, असे मी समजतो.

आता आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे हॉस्पिटल उभे राहते. पुढाऱ्यालाही कोनशिला बसवायला तेच आवडते. मला मात्र आज त्याच्याविषयी बोलावयाचे नाही. मला बोलावयाचे आहे ते लहान दवाखान्याविषयी. एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पडद्याआड एक बाकडे, आणि बाहेरच्या ओट्यावर वाट पाहणारी पाच-सात माणसे, असा तो दवाखाना. गावातल्या खाजगी डॉक्टरचा असेल, सरकारी उपकेंद्र असेल, किंवा दवाखानाही नसेल, आशाताईच्या खांद्यावरची नुसती पिशवी असेल. ताप, खोकला, जुलाब, अंगावरून जाणे, बाळंतिणीची तपासणी, मुलाचे न वाढणारे वजन, ही सारी दुखणी पहिल्या प्रथम येतात ती येथे. येथे ती ओळखली गेली तर थोडक्यात निभावते. येथे हुकली तर तीच दुखणी मोठी होऊन मोठ्या हॉस्पिटलात जातात, आणि मग शेत विकावे लागते.

आपला नगर जिल्हा, आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोल्याचा डोंगर, पूर्व-दक्षिणेला जामखेड, कर्जत, पाथर्डीचा कोरडा मुलूख. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 45 लाख होती. सरकारचे माप असे, की सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र; डोंगरी व आदिवासी भागात 3,000 आणि 20,000. सपाटीच्या मापानेच भागाकार केला तरी 900 उपकेंद्रे आणि 150 आरोग्य केंद्रे व्हावयास पाहिजेत. खाजगी लहान दवाखाने निराळे. एवढ्या विखुरलेल्या जिल्ह्याला नगरची, लोणीची किंवा संगमनेरची मोठी हॉस्पिटले कशी पुरणार? रात्री पोटात दुखू लागलेल्या बाईला पहिला आधार दोन-तीन कोसांच्या आतच मिळाला पाहिजे.

मग हा लहान दवाखाना आज कसा चालतो? गावचा खाजगी डॉक्टर घ्या. त्यांतले पुष्कळ जण आयुर्वेदाचे किंवा होमिओपथीचे पदवीधर आहेत; वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय तर आपल्या नगरातच आहे. हा डॉक्टर पदवी घेऊन गावात बसला, त्या दिवसापासून तो एकटा. त्याला नवीन काही शिकवणारा कोण? औषध कंपनीचा प्रतिनिधी. तो शिकवणार ते स्वतःच्या कंपनीच्या गोळीपुरते. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हे सांगणारा कोण? कोणी नाही. रोगी बरा झाला तर डॉक्टर चांगला, नाही झाला तर तो दुसरीकडे जातो, आणि का बरा झाला नाही हे डॉक्टरला कधी कळतच नाही. त्याचे पोट कशावर चालते? रोग्याने दिलेल्या नोटेवर. रोगी म्हणतो, "डॉक्टर, सुई टोचा, उद्या कामावर जायचे आहे." सुई नको, दोन दिवस विश्रांती घे, असे सांगणाऱ्या डॉक्टरला तो पैसे देत नाही, शेजारच्या गावात जाऊन सुई टोचून घेतो. रोजंदारीवरच्या माणसाला विश्रांती परवडत नाही, हे डॉक्टरलाही ठाऊक असते. म्हणून सुई टोचली जाते, सलाईन लावले जाते.

आणि गंभीर रोगी पुढे पाठवावयाचा झाला की तेथे निराळाच व्यवहार सुरू होतो. पाठवणाऱ्याला पाठवल्याबद्दल वाटा. लोक त्याला कट प्रॅक्टिस म्हणतात. 2017 साली महाराष्ट्र सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करविला. पुढे तो रेंगाळला. मी येथे सर्वच डॉक्टरांना चोर ठरवू इच्छीत नाही. अर्ध्या रात्री उठून दार उघडणारे, पैसे नंतर द्या म्हणणारे आणि नंतरही न मागणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. माझे म्हणणे एवढेच, की चांगल्या माणसालाही एकटे सोडले, शिकवले नाही, त्याच्या उत्पन्नाची सोय फक्त सुईत आणि वाट्यात ठेवली, तर दहा वर्षांत त्याचा चांगुलपणा झिजतो. गिरणीतला कामगार असो की दवाखान्यातला डॉक्टर, माणूस ज्या व्यवस्थेत काम करतो तिच्यासारखा होत जातो.

सरकारी उपकेंद्राची कथा याहून फार वेगळी नाही. नर्सबाई असतात, पण एका बाईवर चार-पाच गावे आणि बारा-पंधरा रजिस्टरे. 2018 सालच्या आयुष्मान भारत योजनेपासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात ते बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम करून आलेले. 2023 साली या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. नाव चांगले आहे. पण मंदिरात देव बसवला म्हणजे झाले असे नसते. रोजची पूजा, तेलवात आणि झाडलोट कोणी करायची, हे आधी ठरवावे लागते. उपकेंद्राची तेलवात म्हणजे वेळेवर येणारे औषध आणि अडल्या वेळी सल्ला देणारा अनुभवी माणूस. ती नसली की तेही एकटे पडते.

या एकटेपणाची किंमत कोण देते? 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट सर्व देशाने ऐकली. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,000 हून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,000 हून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. हे घडले कसे याचा विचार करा. दिवाळी झाली की टोळी निघते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि खाड्याला दंड. कारखान्याच्या तळावर पाण्याचा तुटवडा, आडोसा नाही. अंगावरून जाऊ लागते, कंबर दुखते. हे पुष्कळदा साध्या औषधाने आणि स्वच्छतेच्या सोयीने बरे होण्यासारखे दुखणे. पण ते पहिल्या पायरीवर ऐकणारे कोणी नाही. बाई थेट शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात जाते, तेथे कोणी कॅन्सरची भीती घालते, आणि पुन्हा खाडा नको म्हणून ती बाई पिशवी काढून मोकळी होते. त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल. जामखेड, पाथर्डी, शेवगाव येथूनही टोळ्या जातात; तेव्हा हे दुसऱ्या जिल्ह्याचे दुखणे म्हणून आपल्याला कानाआड करता येणार नाही.

आता कोणी विचारील, यावर उपाय माहीत आहे का? माझे उत्तर असे, की उपाय माहीत आहे, तो सिद्ध झालेला आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. जग तो पाहायला येते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 नंतरच्या दशकात त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की दवाखान्यात रोगी बरा होतो, त्याच गावात, त्याच पाण्यावर परत जातो, आणि तेच दुखणे घेऊन परत येतो. पुढे अमेरिकेत शिकून ते परतले आणि 1970 साली जामखेडला गेले. जामखेड तेव्हा दुष्काळी, आडबाजूचे. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. मुलूख असा, की 1971 च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती.

प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या परगावच्या, तरुण. गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावातलीच बाई निवडायची ठरले. गावाने निवडलेली, वयाने जाणती, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित वस्तीतली. तिला आरोग्याचे काम शिकवायचे. निरक्षर बाई काय शिकणार, असे तेव्हा शहाण्यांनी म्हटलेच असेल. त्या बायका बाळंतपण स्वच्छ करायला शिकल्या, जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाचे पाणी द्यायला शिकल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, क्षय आणि कुष्ठ ओळखू लागल्या. ज्या घरात त्यांची सावली चालत नव्हती त्या घरातल्या बाळंतिणीपाशी त्या बसू लागल्या. 1990 नंतरच्या दशकात त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या आत आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. 1978 साली अल्मा-आता येथे अनेक राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली आणि डॉ. रजनीकांत 2011 साली गेले.

ही गोष्ट आपल्याला सांगतात ती साधारणतः येथे संपते: निरक्षर बाईने चमत्कार केला. मला ती येथे संपवायची नाही, कारण अशी संपवली की तिच्यातला खरा धडा हातून सुटतो. त्या बाईच्या पाठीशी काय होते ते पाहा. ती एकदा शिकून मोकळी झाली नव्हती. आठवड्याआठवड्याला ती जामखेडला येई, इतर गावांच्या बायकांबरोबर बसे, या आठवड्यात काय घडले ते सांगे, अडले ते विचारी, नवे शिकून परत जाई. वर्षानुवर्षे हे चालले. डॉक्टर, नर्स आणि कार्यकर्ते यांचे फिरते पथक तिच्या गावी जाई, आणि गावासमोर तिचा मान राखी. तिच्या आवाक्याबाहेरचा रोगी जामखेडच्या दवाखान्यात घेतला जाई, तेथे तो लुबाडला जात नसे, आणि बरा झाल्यावर परत तिच्याच देखरेखीखाली येई. गावात तरुण शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ होते. पाण्याचा, धान्याचा, झाडांचा प्रश्न ती त्यांच्यापुढे मांडी. विंधणविहिरी आल्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसावा, म्हणजे साऱ्या गावाला तेथे पाण्याला यावे लागेल, असा डाव आरोळ्यांनी टाकला. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा तो पंप जास्त बोलला असेल.

म्हणजे त्या बाईचा दवाखाना पिशवीएवढा होता, पण त्याच्या पाठीवर पाच हात होते. पिशवीची नक्कल करणे सोपे असते. हातांची नक्कल करायला खर्च आणि चिकाटी लागते.

आपल्या राज्यकर्त्यांनी काय केले? 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने देशभर गावोगावी जनआरोग्य रक्षक नेमण्याची योजना काढली. तीन महिन्यांचे शिक्षण, महिना 50 रुपये मानधन आणि तितक्याच किमतीची औषधे. पिशवी आली, हात आले नाहीत. दर आठवड्याची शिकवण नाही, पाठीशी पथक नाही, औषधे संपली की संपली. पुष्कळ ठिकाणी माणूस निवडला तो सरपंचाच्या घरातला. काही वर्षांत योजना सुकली. मग दोष कोणाला? म्हणे, गावचा माणूस अडाणी.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि हजार वस्तीमागे एक आशाताई आली. तिने बाळंतपणे दवाखान्यात नेली, लसी घरोघर पोचवल्या. करोनाच्या साथीत तर घरोघर जाऊन प्राणवायूचे माप घेणारी तीच होती. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच महाराष्ट्रात जून 2021 मध्ये आशांना संप करावा लागला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा संप झाला, आश्वासन मिळाले, शासनाचा निर्णय निघेना म्हणून जानेवारी 2024 मध्ये तिसऱ्यांदा बसावे लागले, आणि मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली. सरकारच्या दृष्टीने ती स्वयंसेविका. स्वयंसेविकेला हुकूम सुटतात, अहवाल मागितले जातात, आणि पगाराची गोष्ट निघाली की सेवाभावाची आठवण करून दिली जाते. कोणी म्हणतील, जामखेडच्या बायकांना तरी कोठे मोठा पगार होता? नव्हता, खरे आहे. पण त्यांना शिकवण होती, मान होता, कर्ज मिळवून शेळ्या घेण्याला, लहान धंदा करण्याला साह्य होते. आणि त्यांच्याकडून सरकारी रजिस्टरे भरून घेतली जात नव्हती. सेवाभाव ही देणाऱ्याची वस्तू आहे. घेणाऱ्याने ती मागावयाची नसते.

हा प्रश्न आपलाच आहे असे मात्र नाही. इंग्लंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तेथे ती आमच्यातल्याच एका माणसाने सुरू केली. वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणीच्या गावात मजूर आपल्या मजुरीतून ठरावीक पैसे एका मंडळीत भरत आणि मंडळी डॉक्टर ठेवी. त्या गावातला अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत गेला, वाचनालयात शिकला, संघटनेतून वर आला, आणि आरोग्यमंत्री म्हणून त्याने 5 जुलै 1948 रोजी सर्व ब्रिटनला मोफत वैद्यकीय सेवा दिली. गावचा डॉक्टर त्या सेवेचे दार ठरला. पण दोनच वर्षांनी, 1950 साली, जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने त्या लहान दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चित्र भयंकर होते. अंधाऱ्या खोल्या, गर्दी, तपासणीला वेळ नाही. सारा पैसा आणि मान हॉस्पिटलांकडे गेला होता. इंग्लंडने काय केले? दवाखाने मोडीत काढले नाहीत. 1952 साली या साध्या डॉक्टरांनी आपले स्वतःचे शिक्षण मंडळ काढले. 1966 साली सरकारने त्यांच्याशी नवा करार केला: दवाखान्यात नर्स, कारकून ठेवा, त्यांच्या पगाराचा 70 टक्के भाग सरकार देईल, जागेचे भाडे देईल, जागा बांधायला कर्ज देईल. चार डॉक्टरांनी एकत्र यावे म्हणून उत्तेजन दिले. दवाखाना सुधारला तो या पाठराखणीने.

आपल्याकडेही 1948 च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि 1954 साली मुंबईत पॅनेल डॉक्टरांची पद्धत सुरू झाली. वस्तीतला डॉक्टर कामगाराने निवडायचा, आणि डॉक्टरला डोईमागे ठरीव रक्कम. कल्पना उत्तम. पण डोईमागे रक्कम दिली आणि पाठीशी कोणी उभे राहिले नाही, तेथे कामगार पॅनेलकडे आजारीपणाच्या दाखल्यापुरता जाऊ लागला आणि औषध पदरच्या पैशाने बाहेर घेऊ लागला. जुन्या गिरणी कामगारांच्या तोंडून हे पुष्कळदा ऐकले आहे. नुसता पैसा हाही पाचांपैकी एकच हात.

तर मग आपण मागायचे काय, आणि करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी सांगतो.

पहिली, नित्याची शिकवण. तालुक्यातले लहान डॉक्टर, नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांनी ठरल्या दिवशी एकत्र बसावे, आणि अडलेला रोगी हाच त्या दिवसाचा धडा असावा. ही बैठक औषध कंपनीच्या जेवणावळीत होऊ नये. जिल्ह्यात वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालये आहेत. तेथल्या अध्यापकांनी तालुक्याला यावे. संघटनेचे काम करणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते, की ज्या शाखेला कोणी भेट देत नाही ती शाखा पाटीपुरती उरते.

दुसरी, स्वस्त आणि खात्रीचे औषध. बडोद्याला 1983 साली सुरू झालेली लोकॉस्ट ही संस्था नफ्यावाचून औषधे बनवून लहान दवाखान्यांना पुरवीत आली आहे. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, तेथे लहान डॉक्टरांनी एकत्र येऊन चाळीस-पन्नास नेहमीच्या औषधांची सहकारी खरेदी करणे अशक्य का व्हावे?

तिसरी, परतीची चिठ्ठी. रोगी पुढे जातो, पण माहिती मागे येत नाही. बिडी वळणाऱ्या एका बाईला हृदयाच्या दुखण्यासाठी मोठ्या दवाखान्यात हलवले होते. परत आली ती हातभर जाडीची फाईल घेऊन. तिच्या गल्लीतल्या डॉक्टरसाठी त्या फाईलीत मराठीत चार ओळी नव्हत्या, की कोणती गोळी बंद करू नये आणि काय दिसले तर परत पाठवावे. मधुमेह आणि रक्तदाब ही जन्माची दुखणी. महिन्याच्या महिन्याला गोळी आणि माप हवे. ते गल्लीतच होणार. म्हणून पाठवताना चिठ्ठी, परतताना चिठ्ठी, आणि रोग्याच्या हातात स्वतःचे कार्ड, एवढे तरी आपण हट्टाने मागितले पाहिजे. चिठ्ठीची रीत पडली की वाट्याची रीत आपोआप उघडी पडते.

चौथी, काम करणाऱ्यांचा पगार. आशाताईला, कंत्राटी नर्सला, खाजगी दवाखान्यातल्या कंपाउंडरला वेळेवर आणि पोटापुरते वेतन. आणि जो खाजगी डॉक्टर ठरलेले दर, ठरलेली औषधे आणि उघडे रजिस्टर मान्य करील त्याला, सुईवर जगावे लागू नये म्हणून, डोईमागे किंवा नर्सच्या पगारासाठी सरकारी साह्य. यावर म्हणतात, विमा योजना आहे ना? महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, केंद्राची 5 लाखांची योजना आहे. आहेत, आणि त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत. पण या योजना रोगी खाटेवर आडवा झाल्यावर पैसे देतात. तो उभा राहावा म्हणून रोज झटणाऱ्या गल्लीतल्या दवाखान्याला त्यांतून काही मिळत नाही. बिडी कामगारांच्या दवाखान्यांना ज्या उपकराचा आधार होता तो 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. तेव्हा असे लहान आधार किती गुपचूप जातात, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी, गावाची नजर. 2005 च्या अभियानाने प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ठेवली आणि तिला वर्षाला 10,000 रुपये देऊ केले. माझी विनंती आहे, की उद्या आपापल्या गावी जाऊन या समितीत कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. उत्तर पुष्कळ शिकवील. नजर ठेवणे म्हणजे डॉक्टरला घेराव घालणे नव्हे. अलीकडे रोगी दगावला की दवाखाना फोडण्याची रीत पडली आहे. तिने डॉक्टर आणखी एकटा होतो, आणि पुढचा गंभीर रोगी हात न लावता पुढे ढकलतो. ज्या गावाने आपल्या दवाखान्याला वर्षभर काही विचारले नाही, त्याला एका रात्री दगड उचलण्याचा अधिकार नाही.

माझ्या कामगार बंधूंना एक शब्द. आपण मागण्यांच्या यादीत हॉस्पिटल घालतो आणि गल्लीतला दवाखाना विसरतो. आशांचा संप होतो तेव्हा तो बायकांचा संप म्हणून बाजूने पाहतो. तो संप आपल्या बाळंतिणींचा आणि आपल्या मुलांचा होता. पुढच्या करारात, पुढच्या मोर्च्यात, ऊसतोडीच्या तळावर फिरते पथक आणि टोळीत एक शिकवलेली आरोग्यसखी, ही मागणी मजुरीच्या मागणीशेजारी लिहा. पहिल्याच पायरीवर तिचे ऐकले गेले, तर कोणा बाईला खाड्याच्या भीतीने गर्भाशय काढून घ्यावे लागणार नाही.

जामखेड या सभागृहापासून सुमारे 75 किलोमीटरवर आहे. परदेशची माणसे समुद्र ओलांडून तेथे शिकायला येतात. आपल्या तेरा तालुक्यांना चौदाव्या तालुक्याकडून शिकायला एक एसटीचे तिकीट पुरेल.